परवाचा तू, आजचा तू

उजनीचं पाणी चढायला लागलं त्या काळात इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या कित्येक घरांत पहिल्यांदाच नोटांची बंडलं आली. घर गेलं, मळई गेली, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, आणि या सगळ्याच्या बदल्यात सरकारी मोबदला हातावर पडला. आठवड्याच्या बाजारापुरताच पैसा पाहिलेल्या माणसाच्या खिशात एकदम हजारांनी पैसे आले. नवी जमीन कुठं घ्यायची हे ठरायच्या आधीच टपऱ्यांवर मटक्याची चिठ्ठी घेणारे त्याला नावानिशी हाक मारायला लागले.

गोष्टीतली माणसं कल्पिलेली आहेत. मुलूख आणि जुगाराचा हिशेब मात्र खरा आहे.

या गोष्टीतल्या आत्यांचे यजमान अशा मोबदला मिळालेल्यांपैकीच एक. मटका मूळचा मुंबईचा. आधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांवर पैजा लागत. ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला, आणि तो आकडा गावोगाव पोचला. पत्त्यांतून तीन पानं काढायची, बेरीज करायची, तिचा शेवटचा अंक म्हणजे ओपन. मग पुन्हा तीन पानं, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एक अंक लागला तर नऊपट, जोडी लागली तर नव्वदपट. दहा अंकांतला एक लागणार आणि मिळणार नऊपट. शंभर जोड्यांतली एक लागणार आणि मिळणार नव्वदपट. म्हणजे लावलेल्या दर दहा रुपयांतला एक रुपया पानं काढायच्या आधीच गेलेला. हे गणित चौथीतल्या पोरालाही समजतं. आत्यांच्या यजमानांनाही समजत होतं. समज कमी पडते म्हणून माणूस जुगार खेळतो, हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि त्यापायी आपण त्याला वर्षानुवर्षं नुसता उपदेश करत राहतो.

एका पहाटे ते अंगणात बसले होते. रात्रीची जोडी एका अंकानं हुकली होती. एका अंकानं हुकलेली जोडी पार हरलेल्या जोडीपेक्षा वाईट, कारण ती माणसाला वाटायला लावते की आपण जवळ पोचलोय. आत्या सडा टाकायला बाहेर आल्या तर ते म्हणाले, “मला आवर. माझ्यानं माझं आवरत न्हाई.”

आत्यांचं वय तेव्हा बाविशीच्या आसपास. त्यांनी आदळआपट केली नाही, शपथही घातली नाही. देवाची आणि पोराची, दोन्ही शपथा आधी घालून झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी एकटी पुरायची न्हाई. चला माझ्यासंगं.”

चिठ्ठी घेणारे गावात तिघं होते: पानाची टपरी, सलून आणि चहाचं हॉटेल. आत्यांचा हट्ट एवढाच की बोलायचं यजमानांनी, त्या नुसत्या शेजारी उभ्या राहणार. टपरीसमोर उभं राहून ते कसेबसे बोलले, “माझी चिठ्ठी आजपासनं घ्यायची न्हाई. उद्या मी येऊन पाया पडलो तरी घ्यायची न्हाई. शिव्या दिल्या तरी न्हाई.” टपरीवाल्यानं मान डोलावली. सलूनवाला म्हणाला, “लई बरं झालं, मलाच धास्ती होती तुमच्या घरच्या तळतळाटाची.” हॉटेलवाला मात्र हसला. “वहिनी, धंदा हाय हा. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला मी न्हाई कसं म्हणू?”

आत्या त्याच्याशी भांडल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी थोरल्या दिरांना बसवलं आणि उरलेल्या मोबदल्यातून महिन्याच्या आत निमगाव केतकीच्या अंगाला दोन एकर घ्यायला लावली, खरेदीखतावर दोघांची नावं घालून. यजमानांच्या खिशात रोज चहा-तंबाखूपुरते पैसे राहतील अशी तजवीज केली. हॉटेलवाला चिठ्ठी घ्यायला तयार होता, पण उधारीवर आकडा घ्यायला तो काही खुळा नव्हता. आत्या पुढं आयुष्यभर हेच सांगत राहिल्या: जे दार लागत न्हाई, तिथवरची वाट मोडायची.

ते दोनदा आडवाटेनं भिगवणला जाऊन खेळून आले. दोन्ही वेळा आत्यांनी त्यांना पुन्हा टपरी आणि सलूनसमोर नेऊन तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत. निमगावचा पानमळा त्यांनीच वाढवला आणि त्याच मळ्यात म्हातारे झाले.

आत्यांचं माहेर नीरा डाव्या कालव्यावर, सणसर आणि लासुर्णे यांच्या मधल्या पट्ट्यात. तिथला त्यांचा भाचा बारामतीच्या एमआयडीसीत कंपनीत कामाला होता. घरी तीन एकर ऊस, गोठ्यात चार म्हशी, बायको बचत गटाची सचिव, मुलगी चौथीत. नाव ठेवायला कुठं जागा नव्हती. रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीत पोरं मोबाईलवर रमी खेळत. त्यानं शंभर रुपये टाकले, पहिल्याच आठवड्यात हजारभर जिंकले, आणि ते हजार त्याला सगळ्यात महाग पडले.

रमी आपल्याकडं लग्नघरी, दिवाळीत, गणपतीच्या मांडवात पूर्वीपासून खेळतात. पण तिथं डाव मोडतो, माणसं उठतात, कुणीतरी म्हणतं, “चला रं, दूध काढायची वेळ झाली.” मोबाईलवर कुणी उठत नाही. रात्री दोन वाजता टेबल भरलेलंच असतं, आणि हरणाऱ्याकडं बघून गप्प बसणारा, त्याला थांबवणारा एकही चेहरा तिथं नसतो. भाच्यानं भवानीनगरच्या कारखान्यातून आलेली उसाची पहिली उचल घालवली. मग खताच्या दुकानातून उधारीवर पोती उचलून ती कमी भावानं दुसऱ्याला विकली आणि ते पैसे घालवले. मग बायकोच्या गटातून शेळ्यांसाठी म्हणून कर्ज काढलं. शेळ्या आल्याच नाहीत.

एका रात्री ॲपच्या मेनूत तळाशी त्याला एक बटण दिसलं. ते दाबलं की काही काळ आपलं खातं आपल्यासाठीच बंद होतं, मध्येच उघडता येत नाही. स्वतःहून स्वतःवर घालून घेतलेली बंदी. त्यानं सगळ्यात लांबची मुदत निवडली, बटण दाबलं आणि त्या रात्री शांत झोपला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या ॲपचा मेसेज आला, पहिल्या भरण्यावर बोनस. पहिलं ॲप त्याला ओळखून आत घेत नव्हतं, दुसऱ्याला तो कोण हे माहीतच नव्हतं. आठवड्यात तो पुन्हा टेबलावर होता.

बटण वाईट नव्हतं. उलट त्यानं ते दाबलं ही त्याच्या आयुष्यातली फार मोलाची घटना होती, कारण त्या क्षणी तो शुद्धीवर होता आणि आपण पुन्हा बेशुद्ध होणार हे त्याला कळत होतं. पण ते दाबलेलं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, सोबत्यांना नाही. मोडलं तरी कुणाला कळणार नव्हतं. असा नवस फार टिकत नाही.

२०२४ च्या आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडी-सणसरवरून पुढं सरकली. बेलवाडीच्या रिंगणाला म्हणून आत्या माहेरी आल्या होत्या. वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरीची पंगत उठल्यावर भाचेसुनेनं चुलीपाशी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. तिच्या हातात गटाचं पासबुक होतं आणि कर्जाच्या ओळीवर बोट ठेवून ती बोलत होती.

आत्यांनी भाच्याला बोलावून घेतलं. तो मान खाली घालून म्हणाला, “आत्या, आता एकबी ॲप ठेवत न्हाई. आईच्यान.”

“शपथ ऱ्हाऊ दे. ॲप किती असत्यात?”

“शेकड्यानं.”

“मग ती दारं आपल्या हातची न्हाईत. तुझ्याकडं पैसं कुठनं कुठनं येत्यात, त्येवढं सांग. एकेक नाव.”

मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर बायको लिहीत गेली. कंपनीचा पगार. उसाचं बिल. दुधाचा दहा दिवसांचा पगार आणि त्यावरची उचल. खताचं दुकान. बचत गट. रात्रपाळीतले दोन सोबती. आणि शेवटी, बराच वेळ गप्प राहून, गावातला एक खासगी सावकार. शेकडो दारं सात ओळींत आली.

बायकोनं त्यात एक नाव आपल्याकडून घातलं: बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याला सांगितलं की हा नुसता वाईट नाद नाही, आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन दारूच्या व्यसनाच्याच रांगेत आहे. त्या म्हणाल्या, “ओढ येते ती कायमची येत नाही. चढते, टिकते आणि उतरते. तेवढ्या वेळात तुमच्या हातात पैसे नसले पाहिजेत आणि तुम्ही एकटे नसले पाहिजेत.” रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर म्हणून टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर त्यांनी कागदावर लिहून दिला. त्याच्यासारखे अनेक जण कर्जापेक्षा लपवालपवीनं खचतात. जीव नकोसा होण्यापर्यंत जातात. हा नंबर ज्याच्या घरात कुणी असं खचलेलं आहे त्यानं आजच लिहून ठेवावा.

मग भाचा एकेका दारात गेला. बोलायचं त्यानं, बायको शेजारी. बँकेत उसाचं खातं दोघांच्या सहीनं चालेल असं करून घेतलं. मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय बंद केली आणि रात्रपाळीला बटणांचा साधा फोन नेऊ लागला. खतवाल्या काकांना म्हणाला, “माझ्या नावावर उधार द्यायचं न्हाई. दिलंच तर हिला विचारून.” सोबत्यांपैकी एक लाजला आणि म्हणाला, “मी पण बघतो काय जमतंय.” सावकार मात्र हॉटेलवाल्याच्याच जातकुळीचा निघाला: “मागितले तर देणार, माझं तेच काम.” आत्यांनी शिकवल्याप्रमाणे बायकोनं त्याच्या ओट्यावर उभं राहून चार माणसांदेखत सांगितलं की इथून पुढं दिलेल्या पैशाला घरातलं कुणी जबाबदार नाही, आणि परवान्याशिवायच्या सावकारीला कायदा आहे हे आम्हाला ठाऊक आहे. वसुलीची खात्री गेल्यावर सावकाराची उदारताही गेली.

दूध संस्थेचे सचिव नाना हे सगळ्यांत कमी बोलले. त्यांनी निळी वही काढली, त्याच्या खातेक्रमांकासमोर लिहिलं, “उचल बंद, पगार पत्नीच्या खात्यावर, पुढच्या पालखीपर्यंत.” त्याची सही घेतली आणि विचारलं, “मोडायची झाली तर कशी मोडायची?” हा प्रश्न तोवर कुणाला सुचला नव्हता. ठरलं की मुदतीनंतर त्यानं दिवसाढवळ्या, बायकोला घेऊन यायचं, मागणी सांगायची आणि आठ दिवस थांबायचं.

दिवाळीच्या तोंडाशी एका संध्याकाळी तो एकटाच डेअरीवर आला. कंपनीत बोनसची चर्चा होती, कुणीतरी त्याला जिंकलेल्या रकमेचा फोटो दाखवला होता. घरातला जुना मोबाईल त्याच्या खिशात होता. संकलनाची वेळ. पत्र्याच्या शेडमध्ये कॅनच्या झाकणांचा खडखडाट, काट्यावर बायाबापड्यांची रांग, फॅटच्या मशीनचा बारीक आवाज.

“नाना, म्हैस बसलीय. डॉक्टरला द्यायला दोन हजार पायजेत. आत्ता.”

नानांनी वहीकडं पाहिलं नाही. खिशातून फोन काढला. “डॉक्टरांना मीच बोलावतो. त्यांचं बिल संस्था भागवंल, तुझ्या दुधातनं वळतं करू.”

“डॉक्टर रोख मागतोय.”

“मला न्हाई मागणार.”

मग त्याचा तोल गेला. दूध माझं, म्हशी माझ्या, पैसे माझे; तुम्ही कोण मला अडवणारे; चोर आहात, बायकांच्या नादी लागून माणसाची अब्रू घालवता. रांगेतली माणसं बघत राहिली. एक म्हातारी “अरे बाबा” म्हणाली आणि गप्प झाली. नाना काट्यावरची नोंद करत होते. त्याचं बोलणं संपल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला.

“आषाढात एक जण आला होता माझ्याकडं. बायकोला घिऊन, शुद्धीत, दिवसाउजेडी. मला म्हणाला, मी शिव्या दिल्या तरी देऊ नका. आज दुसरा एक आलाय. दोघं तूच. मी कुणाचं ऐकू?”

तो काही बोलला नाही.

“मी परवाच्या तुझं ऐकतोय. तू मला नोकर समज, मालक परवाचा तू हायस. आता इथंच थांब, मला माणूस कमी हाय. ह्या बाटल्या मशीनला लाव.”

तो निघून जाऊ शकला असता. का थांबला हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. रागानं धडधडत्या छातीनं त्यानं नमुन्याची एक बाटली मशीनला लावली, मग दुसरी. गायीचं तीन-आठ, म्हशीचं सहा-सात, म्हशीचं सात-एक. नाना आकडे लिहीत होते. रांग संपून कॅन टेम्पोत चढेपर्यंत पाऊण तास गेला. म्हैस बसलेली नव्हती हे नानांना पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी ते त्या दिवशी काढलं नाही, पुढंही कधी काढलं नाही. त्यांनी पैसे नाकारले यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. अडवणारे हात पुष्कळ मिळतात. अडवून झाल्यावर माणसाची लाज झाकणारे फार थोडे.

नाना जे करत होते त्याला जगात आता सरकारी रूप आलं आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यानं १९९६ मध्ये अशी यादी सुरू केली: माणसानं स्वतः अर्ज करून लिहून द्यायचं की मला कॅसिनोत घेऊ नका. आधी ही नोंद जन्मभराची होती. पुढं नोंदीला पाच वर्षं झाली की नाव काढून घ्यायची सोय झाली. नानांचा “मोडायची कशी” हा प्रश्न तिथल्या लोकांनाही सोडवावा लागला तो असा. सिंगापूरमध्ये स्वतःबरोबर घरच्यांनाही अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये २०१८ साली आणि ऑस्ट्रेलियात २०२३ साली अशी सोय सुरू झाली: एकच नोंद करायची, की परवानाधारक सगळ्या ऑनलाइन जुगारवाल्यांची दारं एकदम लागतात. आपल्या रमीच्या ॲपांना प्रत्येकी वेगळं बटण होतं. भाच्याचं पहिलं बटण फुकट गेलं ते यामुळे. अर्थात त्या देशांतही परवान्याबाहेरची दारं उरतातच. यादीला चेहरा नसतो, ती फक्त नाव जुळतं का ते पाहते. म्हणून यादी हवी असं मी आवर्जून म्हणेन, आणि तिच्या जोडीला नानाही हवेत.

२०२५ ची पालखी येऊन गेली. मुदत संपली तसा तो बायकोला घेऊन डेअरीवर गेला. नानांनी पान उघडलं आणि विचारलं, “काढू?”

“दुधाचा पगार हिच्याच खात्यावर ऱ्हाऊ द्या. उचल बंदच. खताच्या दुकानचं तेवढं मोकळं करतोय, आडसाली लागण करायचीय.”

“आठ दिवस थांबायचं ठरलंय.”

“थांबतो की.”

ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब हा जुना वाद बाजूला ठेवून रमी काय आणि क्रिकेटचे संघ लावणं काय, सगळेच त्यात आले; शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हा कायदा मला योग्य वाटतो. मोठमोठ्या ॲपांनी पैशांचे डाव बंद केले, आणि थोड्याच दिवसांत भाच्याच्या एका सोबत्याला परदेशी सट्ट्याची लिंक व्हॉट्सॲपवर आली.

महिनाअखेरीस लागणीच्या खतासाठी भाचा दुकानात गेला. काका म्हणाले, “आता काय, कायद्यानंच बंद झालं म्हणं सगळं. तुझ्यामागची कटकट गेली.”

“कायद्याला माझं नाव ठाऊक न्हाई, काका. तुम्हाला ठाऊक हाय. दहा पोती लिहा, पण लिहायच्या आधी तिला फोन लावा.”

“मोकळं केलंस ना पण?”

“केलंय. तरी लावा.”

काकांनी फोन लावला. “दहा-सव्वीस-सव्वीसची दहा पोती म्हणतोय.”

“आठ पुरत्यात,” ती पलीकडून म्हणाली. “दोन गेल्या वर्षीची गोठ्यावर पडल्यात, त्येला सांगा.”

त्यानं आठ पोत्यांच्या बिलावर सही केली आणि हमालाबरोबर टेम्पोकडं गेला.